हाडांच्या खडपाचं गाऱ्हाणं

शिवदासचा आवाज गोड नव्हता. भजनाला बसला की बुवा त्याच्या हातात टाळ देत आणि डोळ्यांनीच विनवत, बाबा, तोंड मिटून वाजव. पण उघड्या किनाऱ्यावर, वारा अंगावर घेऊन तो बोलू लागला की तोच आवाज लाटांच्या डोक्यावरून जाई, नदीचं मुख ओलांडी आणि पलीकडे तेरेखोलच्या किल्ल्याच्या भिंतीला लागून परत येई. केरीच्या खालच्या अंगाला गाबितांचा, म्हणजे मासेमारांचा, जो वाडा आहे, तिथे नारळी पुनवेला दर्याला गाऱ्हाणं घालायचा मान त्याच्या घराकडे का, याचं दुसरं कारण कुणाला सांगता येत नसे. आजा मोठ्याने बोले, बाप मोठ्याने बोले, म्हणून तोही बोले.

गाऱ्हाणं म्हणजे चारचौघांदेखत दर्याशी बोलणं. एकाने वाक्य टाकायचं आणि सगळ्या वाड्याने "व्हय म्हाराजा" म्हणून ते उचलायचं. शेवटचं वाक्य उचललं की नारळ पाण्यात जायचा आणि मासेमारीचा नवा हंगाम सुरू व्हायचा. दर्यासमोर जे व्हय म्हटलं ते पुढच्या पुनवेपर्यंत मोडायचं नाही, असा नेम होता. मोडलं तर काय होतं ते कुणाला माहीत नव्हतं, कारण कुणी मोडलं नव्हतं.

आता खरं सांगायचं तर ऐकत कुणीच नसे. बायका एकमेकींच्या साड्या बघत, पोरं नारळाकडे बघत, आणि आवाज थांबला की तोंडं आपोआप उघडत. शिवदासच्या बापाने एकदा याचा फायदा घेतला होता. शेजाऱ्याने नेलेली दोरी वर्षभर परत येईना, तेव्हा त्याने वादळवाऱ्यापासून राखण मागता मागता मध्येच घातलं, "जेणा कोणा दुसऱ्याची दोरी व्हरान ठेवल्यान, तेका ती आज तिनसांजेक परत करूची बुद्धी जावं दे." सगळे म्हणाले, व्हय म्हाराजा. शेजारीही म्हणाला. दोरी संध्याकाळी दारात होती. पुढे कित्येक वर्षं वाडा हे सांगून हसे, आणि हसून झालं की पुन्हा न ऐकता व्हय म्हणे.

शिवदास वयात आला तो बापाच्या होडीत. पण होडीवर दोन भावांची पोटं भरेनात, तेव्हा तो शापोऱ्याच्या धक्क्यावर गेला आणि ट्रॉलरवर खलाशी झाला. पुढे तांडेल झाला. तांडेल म्हणजे बोट कुठे जायची, जाळं कुठे टाकायचं, कधी परतायचं हे ठरवणारा माणूस. मालक धक्क्यावर राहतो. समुद्रात तांडेलाचा शब्द चालतो.

त्याच्या बोटीचा मालक रामचंद्र डिचोलीचा. धक्क्यावर त्याला सगळे पात्रांव, म्हणजे मालक, म्हणत. एके काळी खाणीवर त्याचे ट्रक धावत. खाणी बंद झाल्या, ट्रक दारात उभ्या उभ्या गंजले, आणि जे उरलं ते विकून त्याने दोन ट्रॉलर घेतले. समुद्र त्याला दिसायचा तो धक्क्यावरून, आणि तिथून तो सपाटच दिसतो.

किनारा दिसेनासा झाला आणि तसंच पश्चिमेला जात राहिलं की एका जागी पाण्याचा रंग बदलतो. हिरवटपणा जातो आणि एक जाड निळा येतो, ज्यात बघितलं तर आपणच बघायचे थांबतो. त्या निळ्याच्या तळाशी, फार खोल, खडकाचा एक लांबलचक कणा आहे. जुने लोक गळ घेऊन तिथवर जात. त्यांच्या गळाला कधी मासा लागे, कधी पांढऱ्या फांदीचा तुकडा. हाडासारखा. म्हणून त्या जागेचं नाव पडलं हाडांचं खडप. तिथे जाळं कुणी टाकत नसे. टाकलं तर फाटून येई, आणि खडपाला तेवढी राखण पुरे होती.

मग किनाऱ्याजवळची मासळी आटत गेली. पात्रांवने बोटीवर मोठं यंत्र बसवलं, लांब तारेचा दोर आणला आणि जाळ्याच्या खालच्या काठाला लोखंडी चाकं लावली. आता जाळं अडकत नव्हतं. ते खडपावरून चालत जात होतं.

पहिल्यांदा जाळं वर आलं तेव्हा खलाशी भोवती जमले. मासळी होती, खोल पाण्यातली लाल कोळंबी होती. पण त्याहून जास्त होत्या त्या पोवळ्याच्या फांद्या. शेंदरी, हळदी, गुलबक्षीच्या रंगाच्या. कुणीतरी तळातली बाग मुळासकट उपटून डेकवर ओतावी तशा. ऊन चढलं तशा त्या राखाडी पडत गेल्या. दुपारी फावड्याने लोटून दिल्या तेव्हा त्या हाडंच झाल्या होत्या. वाडवडिलांनी जागेचं नाव ठेवलं होतं ते मेल्यावरचं.

त्या ढिगात शिवदासला एक पिशवी सापडली. चामड्यासारखी, बोटभर रुंद, चारी कोपऱ्यांना दोडक्याच्या वेलासारखे तणावे. आणि ते तणावे फांदीला वेढे देऊन घट्ट बसलेले. मोरीचं, छोट्या शार्कचं, अंडं. त्याने ते सूर्यासमोर धरलं. आत एक करंगळीएवढी मोरी सावकाश वळत होती, जागा ऐसपैस असल्यासारखी. त्याने अंडं बादलीत ठेवलं. मोरी थोडा वेळ वळली, मग वळायची थांबली.

शिवदास हळव्या मनाचा माणूस नव्हता. मोरीचं मटण त्याला आवडे, आणि आयुष्यभरात त्याने मारलेल्या माशांवर त्याने कधी उसासा टाकला नव्हता. त्याला सलले ते तणावे. कुणीतरी जागा बघून, फांदी निवडून, वेढे मोजल्यासारखे घालून ते तिथे बांधलं होतं. परत येणार नाही हे माहीत असलेल्या आईने बांधावं तसं. आणि त्या फांदीवरून आपण चाकं फिरवली.

त्यानंतर त्याने बोट खडपाच्या कडेकडेने नेली, वरून नेली नाही. पात्रांवने विचारलं तर तो म्हणे, "जाळा फाटता." पात्रांवला पटत नसे, पण पाण्याखाली जाऊन बघायची त्याची तयारी नव्हती.

असं चाललं होतं. मग शास्त्रज्ञांचं एक जहाज त्या बाजूला फिरून गेलं, आणि सरकारने सांगितलं की हाडांच्या खडपावर तळ खरवडणाऱ्या जाळ्यांना बंदी घालायचा विचार आहे. गळ चालतील, जाळी नाही. हंगाम सुरू झाला की सुनावणी होईल, किनाऱ्यावरच्या गावांनी आपलं म्हणणं मांडावं. धक्क्यावर आग पेटली. आज खडप, उद्या खाडी, परवा चुलीवरचं बांगड्याचं तिखलंही बंद करतील, असं लोक बोलू लागले.

पुनवेच्या आधी पात्रांव शिवदासच्या दारात आला. चंद्रावतीने, शिवदासच्या बायकोने, पदराने खुर्ची पुसली. ती पेडण्याच्या बाजारात मासे विकायची. तिची जीभ सुरीसोबतच धार लावून घेतलेली. तिने चहा ठेवला, सोबत उंडो, गोल पाव, ठेवला.

"शिवदास," पात्रांव म्हणाला. तो शाळेतलं मराठी बोले. "यंदा गाऱ्हाण्यात एक वाक्य घालायचं. एकच."

"खयचा?"

"सरकारची बंदी दर्यात बुडू दे. बस. सगळा वाडा व्हय म्हणेल. तुझा पुतण्या परेश मोबाईलवर घेईल. सुनावणीत लावून दाखवू. गावाचं मत, तेही देवासमोरचं. कोण अधिकारी नाही म्हणेल?"

"पात्रांव, दर्याक दर्याचाच वायट करूक सांगू?"

पात्रांवने उंड्याचा तुकडा मोडला आणि तसाच हातात धरला. "तुला बंदी माहीत नाही, शिवदास. मला आहे. एका सकाळी उठलो तर ट्रक उभे. ड्रायव्हर दारात येऊन बसलेले, माझ्या तोंडाकडे बघत. आम्हाला कुणी विचारलं नाही. आमचं गाऱ्हाणं घालायला तेव्हा कोण होतं?"

हे खोटं नव्हतं. शिवदासने मान खाली घातली. मग म्हणाला, "तुमचा दुख्ख माका कळता. पण खाण गेल्यार डिचोलीत काय रवला? खड्डो रवलो. पाण्यान भरलो आणि गुरां बुडाक लागली. तो खड्डो तुमी हय घेवन इलात, पात्रांव. फरक इतकोच, हयचो कोणाक दिसणा नाय."

"तुला तांडेल कुणी केलं?"

"तुमी."

"मग?"

"तांडेल तुमी केल्यात. गाऱ्हाणा माका बापाशीन दिल्यान."

"मान वाडा देतो आणि वाडाच काढून घेतो. परेशचा आवाज तुझ्यापेक्षा बरा आहे. बघ, म्हणजे झालं." पात्रांव उठला. शिवदास "पुनवेक बघया" एवढंच बोलला, आणि पात्रांव ते होकार समजून गेला. त्याला नाही ऐकायची सवय नव्हती.

चंद्रावतीने कप उचलला. "काय बघतलात?"

"बघतंय."

"त्याचा वाक्य घातल्यात तर माझ्या हातचा जेवण जेवा नकात."

"बरा."

"आणि नाय घातल्यात तर बोट जातली. मगे मी बाजारात काय विकू? तुमचो आवाज?"

"म्हणजे दोनय बाजून उपाशी."

"उपाशी तर उपाशी," ती म्हणाली, "पण मान वर करून." आणि कप इतक्या जोरात ठेवला की त्याचा कान मोडला. मग त्या कपाबद्दल ती दोन दिवस त्यालाच बोलत राहिली.

पुनवेला आभाळ उघडलं होतं. ढोल वाजत वाडा किनाऱ्यावर आला. नारळाचा मान यंदा पात्रांवला दिला होता. सोनेरी कागदात गुंडाळलेला नारळ छातीशी धरून तो पांढऱ्या कपड्यांत पुढे उभा होता. परेशने मोबाईल वर धरला. पात्रांव त्याला सारखा खुणावत होता, मला घे, नारळही घे, मागचा समुद्रही येऊ दे.

शिवदास गुडघाभर पाण्यात गेला आणि वाड्याकडे पाठ करून उभा राहिला.

"बा दर्या म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज सालाबादप्रमाणा ह्यो वाडो तुझ्या दारात उभो रवलो आसा!"

"व्हय म्हाराजा!"

"जो तुझ्या पाठीवर गेलो तेका घराक परत आण! खलाशाच्या बायलेचा कुंकू राख!"

"व्हय म्हाराजा!"

आवाज तापत गेला. वाक्य आणि उत्तर यांच्यातली जागा कमी कमी होत गेली, जशी दर वर्षी होते. सुईत दोरा जावा तसा तो त्या जागेतून पुढे गेला.

"म्हाराजा, तुझ्या पोटात जा हाडांचा खडप आसा, ती तुझी बाळंतिणीची खोली!"

"व्हय म्हाराजा!"

"थय ह्या वाड्याचो एकय हात जाळा वडूचो नाय! पुढल्या पुनवेपर्यंत वडूचो नाय!"

"व्हय म्हाराजा!"

"ही बंदी सरकाराची न्हय, आमची आसा! आमी घातली आणि आमीच राखतलंव!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांत मोठा आवाज पात्रांवचा होता, कारण त्याला व्हिडिओत ऐकू यायचं होतं. आणि त्याच झोकात त्याने नारळ फेकला.

नारळ लाटेवर वर आला, खाली गेला. ढोलवाल्याने काठी उचलली होती ती तशीच राहिली. मागे एक तरुण खलाशी शेजाऱ्याला म्हणाला, "आमी आता काय म्हटला रे?"

पहिल्यांदा हसली ती चंद्रावती. मग बायकांच्या घोळक्यात ते हसू पसरत गेलं, आणि पुरुषांपर्यंत पोचेतो पात्रांवचा चेहरा लाल झाला होता.

"ही फसवणूक आहे!"

शिवदास पाण्यातून बाहेर आला. "फसवणूक हळू आवाजान करतत, पात्रांव. मी मोठ्यान बोल्लंय. तेरेखोलच्या लोकांनीय ऐकला आसतला."

"परेश, तू घाल परत! पुसून टाक हे!"

परेश मोबाईल खाली घेऊन उभा. "नारळ गेलो, पात्रांव," तो म्हणाला. "आता कसा घालतलंय?"

"उद्यापासून बोटीवर पाय ठेवायचा नाही, शिवदास."

"उद्या कशाक? आजपासूनच." आणि मग, "काम तुमचा, पात्रांव. तोंड माझा."

वाडा त्याच्यावर खूश झाला असं कुणी समजू नये. घराघरात भांडणं झाली. ज्यांची पोरं ट्रॉलरवर होती ते त्याच्या दारावरून जाताना थुंकले. पण व्हय तर म्हटलं होतं. सुनावणीला मालक ओरडून बोलले. वाड्यातल्या खलाशांना विचारलं तेव्हा ते एकमेकांकडे बघत म्हणाले, आमचं बोलणं दर्याकडे झालंय, पुढच्या पुनवेपर्यंत आम्हाला दुसरं बोलता येत नाही. अधिकाऱ्याला हे कसं लिहावं ते कळेना. निकाल लागला नाही. कागद पणजीला गेले आणि तिथेच राहिले.

पात्रांवने बाहेरून खलाशी आणले. ते खडपावर गेले की नाही, कोण सांगणार. समुद्र मोठा आहे आणि चाकांचा आवाज वरपर्यंत येत नाही. शिवदास बापाची जुनी होडी डांबर लावून खाडीच्या तोंडाशी गळ घेऊन बसे. मिळेल ते चंद्रावती बाजारात नेई आणि कुणी भाव पाडून मागितला की म्हणे, "हो मासो मान वर करून मेलो आसा, कमी जावचो नाय."

होडीत बसून त्याला कधी कधी वाटे, आपण ज्याच्यासाठी भांडलो ते आपण जिवंत कधी पाहिलंच नाही. डेकवर पाहिलं ते मरताना, आणि फावड्याने लोटलं ते मेल्यावर. तिथे खाली, जिथे दिवस पोचत नाही, ते शेंदरी कुणासाठी शेंदरी असेल? तिथे बघणारं कुणी नाही. तरी ते रंग ठेवून उभं आहे. हा विचार आला की त्याला कसला तरी जोर येई, रागासारखा, आणि तो उगाच गळ ओढून पुन्हा टाकी.

पुढच्या पावसाळ्यात वाड्याची बैठक झाली आणि गाऱ्हाण्याचा मान परेशला दिला गेला. शिवदास बैठकीत होता. घरी आल्यावर चंद्रावतीने विचारलं, "मान गेलो?"

"गेलो."

"आवाज?"

त्याने तिच्याकडे बघितलं. "तो घेवक इसरले."

दुसरी पुनव आली. या वेळी नारळ पुन्हा पात्रांवच्या हातात होता, पण तो सावध होता. परेश काय बोलणार ते त्याने त्याच्याकडून आधी चार वेळा म्हणवून घेतलं होतं. शिवदास गर्दीत उभा होता, पहिल्यांदाच. पाण्याकडे तोंड करून, सगळ्यांच्या मागे.

परेशचा आवाज खरोखर गोड होता. "बा दर्या म्हाराजा," तो म्हणाला, आणि शिवदासला काहीतरी वेगळं जाणवलं. उत्तर लगेच आलं नाही. एक श्वास गेला, मग आलं. पुढच्या वाक्यालाही तसंच. बायका साड्या बघत नव्हत्या. म्हातारे कानामागे हात धरून होते. वाडा ऐकत होता. प्रत्येक वाक्य तोंडात घेऊन, चावून, मग व्हय म्हणत होता.

परेशलाही ते कळलं असावं. त्याचा आवाज जरा खाली आला.

"आणि म्हाराजा… हाडांच्या खडपावरची जी बंदी सरकार घालूक बघता… ती दर्यात बुडांदे."

श्वास गेला. दुसरा गेला. लाट येऊन परेशच्या पायांवरून परतली. पात्रांव मागे वळून लोकांच्या तोंडांकडे बघू लागला, एकेका तोंडाकडे.

"नाय म्हाराजा!"

हा शब्द गाऱ्हाण्यात आजवर कुणी उच्चारला नव्हता. तो गर्दीच्या मागून निघाला, माणसांच्या डोक्यांवरून गेला, पात्रांवच्या हातातल्या सोनेरी नारळावरून गेला, नदीचं मुख ओलांडून तेरेखोलच्या भिंतीला लागला आणि थोडा झिजून परत आला. तो परत यायच्या आत बायकांच्या बाजूने आणखी एक "नाय म्हाराजा" आला होता, सुरीसारखा. आणि मग एक खलाशाचा. सगळ्यांचा नाही. कित्येक तोंडं मिटलेलीच राहिली. पण व्हय कुणी म्हटलं नाही.

पात्रांवचा नारळ हातातच होता.

परेश पाण्यात उभा होता, गुडघाभर. त्याने वळून गर्दीत शोधलं आणि त्याला सापडला तो शिवदास. "काकानू," तो म्हणाला, "मगे काय म्हणू?"

"ता तुझा तू बघ," शिवदास म्हणाला. "पण मोठ्यान म्हण."